टोमॅटो सॉसमधील साखर : एक हिशेब

अंबरनाथ तालुक्यातील जांभूळ येथे बारवी धरणाचे पाणी शुद्ध केले जाते. पाण्याबाबत घेतली जाणारी ही दक्षता ताटातील पदार्थांबाबतही घेणे अगत्याचे आहे. टोमॅटो सॉसचेच उदाहरण पाहावे.

ताज्या टोमॅटोच्या १०० ग्रॅममध्ये साखर सुमारे ३ ग्रॅम असते. सॉसमध्ये मात्र ती २० ग्रॅमहून अधिक असणे सर्वसामान्य आहे. टोमॅटोच्या रसात विद्राव्य घनांश सुमारे ५ टक्के असतो. अन्नसुरक्षा विनियमांनुसार सॉसमध्ये तो किमान २५ टक्के असावा लागतो. केवळ रस आटवून ही पातळी गाठण्यास टोमॅटो व इंधन पुष्कळ लागते. साखर घातल्याने ती सहज गाठता येते, शिवाय व्हिनेगरचा आंबटपणाही सौम्य होतो.

दोन मोठे चमचे, म्हणजे ३० ग्रॅम सॉसमधून ६ ग्रॅमहून अधिक साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये प्रौढांसाठी अशी साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवण्याची शिफारस केली. या दुसऱ्या मर्यादेचा सुमारे पाव भाग सॉसमध्येच संपतो. मुलांसाठी ही मर्यादा आणखी कमी होते.

२०२० च्या विनियमांप्रमाणे वेष्टनावर एकूण साखर व वरून घातलेली साखर नमूद केलेली असते. शिक्षकांनी रिकाम्या बाटल्या वर्गात आणून विद्यार्थ्यांकडून हा हिशेब करून घ्यावा. ग्रामपंचायत सदस्यांनी शालेय कार्यक्रमांत सॉसऐवजी टोमॅटोच्या ताज्या चटणीचा आग्रह धरावा. त्याच दिवशी संपणाऱ्या चटणीला टिकण्यासाठी साखरेची गरज नसते.