बिनसुईचं इंजेक्शन

'डिपेंडन्सी इंजेक्शन' हे नाव ऐकूनच निम्मा वर्ग घाबरतो. मार्टिन फाउलर यांच्या जानेवारी २००४ मधल्या लेखामुळे हे नाव रूढ झालं. कल्पना मात्र साधी आहे. क्लासला जे लागतं ते त्याने स्वतः तयार करायचं नाही, बाहेरून मागून घ्यायचं.

आपल्या भागातलंच उदाहरण घेऊ. समजा, फायनल इयरला उसाच्या बिलाचा प्रोजेक्ट घेतला. १९६६ च्या ऊस (नियंत्रण) आदेशातली तरतूद अशी : ऊस दिल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यायचे, उशीर झाल्यास १४ दिवसांच्या पुढच्या काळासाठी वार्षिक १५ टक्के व्याज. दीड लाख रुपये ७३ दिवस उशिरा दिले, तर तो वर्षाचा पाचवा भाग झाला. म्हणजे व्याज ४,५०० रुपये.

जावामध्ये 'ऊसबिल' क्लास लिहिताना आपण काय करतो? मेथडच्या आतच कॉम्प्युटरला आजची तारीख विचारतो. प्रोग्राम चालतो की! पण व्याज बरोबर येतं का, हे तपासायला १४ अधिक ७३, म्हणजे ८७ दिवस थांबायचं? का लॅबमधल्या मशिनची तारीख बदलत बसायचं? तपासलं नाही आणि एक दिवस जरी चुकला, तरी तोटा शेतकऱ्याचा.

उपाय असा. 'घड्याळ' नावाचा इंटरफेस करा. त्यात एकच मेथड, आजची तारीख सांगणारी. 'ऊसबिल'च्या कन्स्ट्रक्टरमध्ये हे घड्याळ मागा. प्रत्यक्ष वापरात खरं घड्याळ द्या, टेस्टमध्ये आपण ठरवू ती तारीख सांगणारं खोटं. २०१४ साली आलेल्या जावा ८ मध्ये नेमक्या याच कामासाठी 'क्लॉक' क्लास आहे. वजनकाट्याचंही तसंच. हॉस्टेलच्या खोलीत वजनकाटा कुठून आणणार? खोटा काटा द्यायचा, काम पुढे चालू.

आता टाइप्सचा फायदा बघा. घड्याळाच्या जागी चुकून वजनकाटा दिला, तर कंपायलर तिथेच अडवतो. (नल दिलं तर मात्र जावाचा कंपायलर अडवत नाही, ते आपणच बघायचं.)

मग स्प्रिंग किंवा ग्विससारखा कंटेनर कशाला? ऑब्जेक्ट शेकड्यांनी झाले की ते जोडायचं काम तो करतो. पण एखादी जोडणी राहिली, तर ते बहुतेक वेळा प्रोग्राम सुरू करतानाच कळतं, कंपाइल करताना नाही. टाइपस्क्रिप्टमध्ये तर आणखी एक गंमत आहे. तिथले इंटरफेस कंपाइल झाल्यावर पुसलेच जातात. त्यामुळे कंटेनरला नुसत्या इंटरफेसवरून वस्तू शोधता येत नाही. म्हणून अँग्युलरमध्ये त्यासाठी वेगळं टोकन द्यावं लागतं.

म्हणून आपल्या दहा-पंधरा क्लासच्या प्रोजेक्टला कंटेनर नको. सगळ्या जोडण्या मेनमध्ये, एकाच जागी, हाताने करा. कंपायलर फुकटचा वॉचमन आहे, त्याला रजेवर का पाठवायचं?

प्रोजेक्ट दाखवण्याआधी दीड लाखांवर तीन टेस्ट नक्की लिहा. १४ व्या दिवशी व्याज शून्य, १५ व्या दिवशी ६१ रुपये ६४ पैसे, ८७ व्या दिवशी ४,५०० रुपये. तिन्ही एका सेकंदात होतील, आणि व्हायव्हाला 'इंजेक्शन कशाला?' असं विचारलं तर हेच चालवून दाखवा!