स्टाफचं काम मोजताय? पेशंट नको, मिनिटं मोजा!

डायग्नोस्टिक सेंटर काढायचा विचार असेल, तर व्हिडिओतलं हे गणित वहीत उतरवून घ्या.

समजा, एका टेक्निशियनने दिवसभरात ४० एक्स-रे काढले आणि दुसऱ्याने १० एमआरआय केले. नुसता आकडा बघून इन्सेंटिव्ह दिलात, तर दुसरा चांगला माणूस सोडून जाईल.

आता वेळ धरा. एक्स-रेला ८ मिनिटं, एमआरआयला ३५. पहिल्याचं काम झालं ३२० मिनिटं, दुसऱ्याचं ३५०! शिफ्ट ८ तासांची, म्हणजे ४८० मिनिटं. पहिला ६७ टक्के कामात, दुसरा ७३ टक्के.

तुमच्या सेंटरचे आकडे असे काढा:

१. आठवडाभर प्रत्येक तपासणीची वेळ लिहा, पेशंट आत आल्यापासून टेबल रिकामं होईपर्यंत.

२. कागदपत्रांचा वेळही धरा. गरोदर महिलेच्या सोनोग्राफीला पीसीपीएनडीटी कायद्याचा 'फॉर्म एफ' भरावाच लागतो.

३. चुकल्यामुळे पुन्हा काढलेले एक्स-रे वेगळे मोजा. त्यात काम वाढतं, कमाई नाही, आणि पेशंटला रेडिएशन दुसऱ्यांदा बसतं.

४. तासवार बघा. दुपारी निवांत दिसणारा माणूस सकाळच्या गर्दीत लागतोच.

हे चार आकडे हातात आल्याशिवाय कुणाला कमी करू नका, नवीन घेऊही नका.