पाठ १२ : तिकीट कुठे काढायचं?

भारतातून आजी-आजोबा आले की एखाद्या रविवारी आपण त्यांना जवळच्या जंगलात फिरायला नेतो. गाडी लावून चालायला लागतो, तेवढ्यात आजोबा विचारतात, "अरे, तिकीट कुठे काढायचं?"

त्यांचा प्रश्न बरोबर आहे. मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जायचं तर आधी तिकीट काढावं लागतं. जर्मनीतल्या जंगलाला मात्र बहुधा दारच नसतं. या देशाचा साधारण एक तृतीयांश भाग जंगलाखाली आहे. त्यातलं जवळजवळ निम्मं जंगल खाजगी मालकीचं आहे. बाकीचं राज्यांचं, गावा-शहरांचं आणि थोडं केंद्र सरकारचं. पण मालक कोणीही असो, फिरायला जाण्यासाठी त्याची परवानगी लागत नाही. १९७५ च्या वनकायद्यात तसं लिहिलेलंच आहे. बायर्नच्या राज्यघटनेत तर हा हक्क १९४६ पासून आहे.

त्याच वनकायद्यात आणखी एक गोष्ट आहे. जंगलात जायचं ते स्वतःच्या जबाबदारीवर. वाळलेली फांदी अंगावर पडू शकते, मुळाला अडखळून पाय मुरगळू शकतो. तिथे रखवालदार नसतो, म्हणून लक्ष आपणच ठेवायचं. सायकल फक्त रस्त्यावरून आणि वाटेवरून चालवायची. झाडतोड चालू असते तिथे लाल-पांढरी पट्टी बांधलेली दिसते. रविवारी काम बंद असलं तरी ती ओलांडायची नाही. अर्धवट कापलेलं झाड कधीही कोसळू शकतं.

फुलं, फळं, अळंबी घरी नेता येतात का? हो, पण घरच्यापुरती, मूठभर. संरक्षित वनस्पतींना मात्र हात लावायचा नाही. आपल्याकडे कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या अनेक गावांत देवराई असते, म्हणजे गावाच्या देवासाठी राखलेलं रान. तिथली पडलेली काटकीसुद्धा घरी न नेण्याची रीत आहे. आजीला हे सांगितलंत, तर मूठभरचा नियम तिला लगेच पटेल.

वसंतात मात्र आजीवर जरा लक्ष ठेवा! झाडांखाली बेअरलाउखची हिरवी पानं उगवतात. त्यांना लसणाचा वास येतो, म्हणून चटणी करायचा मोह होतो. पण मायग्ल्योक्शेनची पानंही अगदी तशीच दिसतात आणि ती विषारी असतात. नुसत्या वासावर विसंबू नका. दोन-चार पानं खुडली की हातालाच लसणाचा वास लागतो, मग प्रत्येक पान बेअरलाउखचंच वाटतं! ओळख पक्की नसेल तर तोडू नका. चटणी बाजारातल्या पानांचीही छान होते.

आता शेवटची गोष्ट. समजा, आजोबांचा पाय मुरगळला. तुम्ही ११२ ला फोन केलात. समोरून विचारतील, "तुम्ही कुठे आहात?" चारी बाजूंना झाडंच झाडं, काय सांगणार? त्यासाठी अनेक जंगलांत वाटेच्या कडेला 'रेटुंग्सपुंक्ट'ची पाटी असते. तिच्यावर एक क्रमांक असतो. तो सांगितला की मदतीला येणाऱ्यांना तुमची जागा कळते. म्हणून चालताना पाटी दिसली की क्रमांकाचा फोटो काढून ठेवा.

शब्दार्थ
रखवालदार – राखण करणारा माणूस
अळंबी – पावसाळ्यात उगवणारी छत्रीसारखी बुरशी, मश्रूम
काटकी – झाडाची लहान, वाळलेली फांदी
खुडणे – पान किंवा फूल बोटांनी तोडणे
मोह होणे – करू नये ते करावंसं वाटणे
विसंबणे – पूर्ण भरवसा ठेवणे

उत्तरं लिहा
१. आजोबांना तिकिटाचा प्रश्न का पडला?
२. पानं ओळखताना नुसता वास का पुरत नाही?
३. तुमच्या जवळच्या जंगलात पाटी शोधा. ११२ ला फोन केल्यावर काय सांगाल, ते आधी जर्मनमध्ये म्हणून पाहा. मग तेच आजोबांना मराठीत समजावून सांगा.