दसऱ्याचा झेंडू, घरच्या बियांचा

बालमित्रांनो, आज आधी तीन क्रियापदे. प्राजक्ताची पडलेली फुले आपण वेचतो. मोगऱ्याच्या कळ्या खुडतो. झेंडू आणि जास्वंद तोडतो. या फुलांना लांब देठ लागत नाही, कारण ती देवाला, वेणीला किंवा हाराला जातात. फुलदाणीतले फूल मात्र हातभर देठासकट कात्रीने कापावे लागते. न्यू जर्सीतल्या आमच्या मागच्या अंगणात आम्ही दोन्ही प्रकार बियांपासून लावतो : तोरणाला झेंडू, फुलदाणीला झिनिया.

झिनिया सोपी. मेच्या मध्यानंतर, थंडी गेली की बी थेट मातीत पाव इंच खोल पेरायचे. कापण्याआधी देठ फुलाखाली वीतभर अंतरावर धरून हलवा. मान लटपटली तर दोन दिवस थांबा. ताठ राहिली तर पानांच्या जोडीच्या जरा वर कापा. त्या जोडीतून नवे फाटे फुटतात.

झेंडूने मात्र आमची दोनदा फजिती केली. पहिल्या वर्षी आम्ही उत्साहाने गुढीपाडव्यालाच खिडकीत बी पेरले. मुहूर्त उत्तम, पण उंच झेंडू दिवस लहान असला की लवकर कळी धरतो. रोपे वीतभर असतानाच फुलू लागली आणि सप्टेंबरपर्यंत थकून आडवी झाली. २०२५ साली उलट चूक : पेरणी जुलैच्या वीस तारखेला. २ ऑक्टोबरला दसरा, आणि झाडांवर नुसत्या हिरव्या कळ्या! शेवटी दुकानातून पिशवीभर फुले आणून तोरण केले. मुलांनी दोन महिने पाणी घातले होते; त्यांचे चेहरे बघवेनात.

मग नोकरीत करतो तेच केले : शेवटच्या तारखेपासून उलटे मोजले. उंच झेंडूला बीपासून भरपूर फुले येईपर्यंत आम्ही शंभर दिवस धरतो. २ ऑक्टोबरच्या मागे शंभर दिवस म्हणजे २४ जून. पण दसरा तिथीने येतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, तेव्हा दसरा २४ ऑक्टोबरला आला. तिथून मोजले तर १६ जुलै. मात्र इतक्या उशिरा पेरणे धोक्याचे, कारण ऑक्टोबरच्या मध्यानंतर आमच्याकडे कधीही दव गोठते, आणि अशा एका कडक रात्रीत झेंडू काळा पडतो. म्हणून आता आम्ही दोनदा पेरतो, जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा तीन आठवड्यांनी. थंडीचा इशारा आला की संध्याकाळी झाडांवर जुनी चादर टाकतो. (पालकांनो, चांगली चादर नको. आम्ही बोलणी खाल्ली आहेत.)

रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा. बियांच्या पाकिटावर इंग्रजीत ‘पिंच’ असे लिहिलेले असते. ते वाचून आमच्या धाकट्याने विचारले, “रोपाला चिमटा काढायचा?” नाही रे, खुडायचा! खुडल्याने फांद्या वाढतात, पण फुले आठवडा-दोन आठवडे लांबतात. तेवढे दिवस शंभरात मिळवा.

आता एक पिकलेले, झाडावरच वाळलेले फूल उघडून पाहा. आपण ज्याला पाकळी म्हणतो ते एकेक छोटे फूलच असते, आणि झेंडू म्हणजे अशा फुलांचा गुच्छ. प्रत्येकाच्या बुडाशी काळी बारीक काडी दिसते, तेच बी. तोरणासाठी ताजी तोडलेली फुले बहुधा कच्चीच असतात, म्हणून बियांसाठी चार-पाच फुले झाडावर राखावीत. संकरित वाणाचे बी धरले तर पुढच्या वर्षी रंग आणि उंची वेगवेगळी निघते. आम्हाला त्यात गंमत वाटते. ज्यांना एकसारखे तोरण हवे त्यांनी नवे पाकीट घ्यावे.

एक गोष्ट राहिली. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. तिथे १ आणि २ नोव्हेंबरला पूर्वजांच्या स्मरणार्थ याच फुलांनी घरे आणि थडगी सजवतात. म्हणजे या खंडात पाहुणे आपण आहोत, झेंडू नव्हे.

मेच्या शेवटच्या वर्गाला आम्ही घरचे बी आणू. प्रत्येकाने एक रिकामे पाकीट आणावे. त्यावर स्वतःचे नाव, ‘झेंडू’ हा शब्द आणि यंदाच्या दसऱ्यापासून उलटी मोजलेली पेरणीची तारीख मराठीत लिहावी. तारीख चुकली तर बी मिळेल, पण गणित पुन्हा करावे लागेल.