कंबरदुखीचं पॅकेज घेण्याआधी

तीन महिन्यांच्या वर ज्यांची कंबर दुखतेय त्यांच्यासाठी हे लिहितेय, आणि थोडं माझ्या मनातलं बाहेर पडावं म्हणूनही. नात्यातली माणसं म्हणतात, "हिला पथ्य नको, धीर नको." पथ्य मी काटेकोर पाळलं. सांगितलेली प्रत्येक गोळी वेळेवर घेतली आणि त्यानंच पायांवर सूज आली.

आधी हाडांचे डॉक्टर झाले. एमआरआयवर बोट ठेवून म्हणाले, "गादी सरकलीय, वाकायचं काम बंद." पट्टा दिला, कंबरेला वजन लावून ताण दिला, करंट दिला. मशीन लावून पोरगा निघून जायचा. आमच्या नर्सी गावात हळद काढणीच्या दिवसांत वाकायचं बंद म्हणजे काय, हे ऐकून घ्यायला त्यांना सवड नव्हती. पन्नाशीतल्या, कंबर अजिबात न दुखणाऱ्या दहातल्या सहा जणांच्याही एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसते. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी चालायला भ्याले नसते.

मग ते शहरातलं केंद्र. आयुर्वेद, योग, फिजिओथेरपी सगळं एका छताखाली, पैसे मात्र आधी. कटिबस्तीनं बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? कंबरेवर उडदाच्या पिठाची पाळ करून आत कोमट तेल भरायचे, निवलं की काढून पुन्हा गरम ओतायचे. पण वैद्य म्हणायचे, पडून राहा. शेजारच्याच खोलीतल्या फिजिओबाई व्यायाम लावायच्या. "तुम्ही दोघं एकदा बोला की," असं म्हटलं, तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "ताई, पॅकेजमध्ये जे आहे ते चालूच आहे ना?" रुग्णाला असं उत्तर देतात?

सुजेचं कारण कळलं ते गावातल्या मेडिकलवर. दोन पाकिटं ठेवली, एक हाडांच्या डॉक्टरांचं, एक केंद्राचं. नावं वेगळी, रंग वेगळे. दुकानदारानं दोन्ही उलटी केली आणि बारीक अक्षरांवर नख ठेवलं. दोन्हींत ॲसिक्लोफिनॅक. म्हणजे एकच वेदनाशामक मी दुप्पट खात होते. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडावर ताण. केंद्रात भरलेल्या फॉर्मवर माझ्या चालू गोळ्यांची नावं होती, ती कुणी वाचलीच नव्हती. तेवढं एक वाचायला किती वेळ लागतो?

आता ऐका. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जुनाट कंबरदुखीबद्दल, म्हणजे ठरावीक कारण सापडत नाही अशा दुखण्याबद्दल, मार्गदर्शन काढलं. त्यात पट्टा, ताण, अल्ट्रासाउंड आणि टेन्सचा करंट नेहमीच्या उपचारात देऊ नका, असं आहे. व्यायाम, दुखण्याची नीट माहिती, मनाचे उपचार, मालिश यांना जागा आहे. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१७ मध्येच योग आणि व्यायाम गोळ्यांच्या आधी ठेवले. म्हणजे आयुर्वेद की ॲलोपॅथी हे भांडण बाजूला ठेवा. तुमची एकच फाइल सगळे वाचतात का, आणि तुम्हाला हलायला शिकवतात की नुसतं झोपवतात, एवढं बघा.

मला उपयोगी पडल्या सरकारी दवाखान्यातल्या फिजिओताई. त्यांनी विचारलं, "हळद कशी वेचता, बसून दाखवा." मग घमेलं पोटाशी धरून उचलायला लावलं, रोज थोडं वजन वाढवत. पडून राहायला नाही सांगितलं. कयाधू नदीपर्यंत चालत जा म्हणाल्या. दुखतं अजून, पण यंदा गावातल्या परतवारीच्या एकादशीला दर्शनाच्या रांगेत उभी राहिले.

पाकिटावरचं छोट्या अक्षरातलं औषधाचं नाव वहीत लिहून ठेवा. नाव नसलेली पुडी घेऊच नका, त्यात स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा जांघेत बधिरपणा आला, तर कुठलंही केंद्र न शोधता तडक मोठा दवाखाना गाठा. झोप पुरी घ्या, चिंता कमी करा, हे सगळेच सांगतात, तरी सांगते.

त्या केंद्राकडे उरलेल्या बैठकांचे पैसे परत मागितले तर "पॅकेज परत होत नाही" म्हणाले. पावतीवर तसं कुठेही छापलेलं नाही. दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि मी ती करणार आहे. तुम्ही पैसे भरायच्या आधीच बैठका किती आणि मध्येच सोडलं तर परत किती, हे लिहून घ्या, सही-शिक्क्यासकट.