गोष्ट सांगून झाल्यावर

चि. सोनूस,


चौथीचा वर्ग मिळाला हे उत्तम झालं. पण इतिहासाच्या तासाला मुलं जांभया देतात आणि धडा वाचून झाला की स्वाध्यायाची उत्तरं फळ्यावर लिहून देण्यापलीकडे काही सुचत नाही, असं तू फोनवर म्हणालीस. त्यावर थोडं सविस्तर लिहिते.

चौथीला ‘परिसर अभ्यास भाग २’ म्हणजे शिवाजी महाराजांचं चरित्र. मुलांना ते आवडतंच, अर्ध्या गोष्टी ती घरूनच ऐकून आलेली असतात. म्हणून तुझं काम गोष्ट सांगून संपत नाही. गोष्टीनं मूल जवळ येतं, पण इतिहास सुरू होतो तो त्यानंतरच्या प्रश्नापासून: हे कोण सांगतंय आणि त्याला कसं कळलं?

सिंहगडाचा धडा घे. फेब्रुवारी १६७० मधली ती रात्र, गड घेताना तानाजी मालुसरे पडले ती. आधी तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातला थोडा भाग मोठ्यानं म्हण. डफ नसला तर बाकावर ताल धर. त्यात दोर बांधून कड्यावर चढवलेली यशवंती घोरपड येते. मग सभासदाच्या बखरीत काय आहे ते सोप्या शब्दांत सांग. कृष्णाजी अनंत सभासदानं ती १६९७ मध्ये जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. तिथे मावळे वानरांसारखे कडा चढून जातात, घोरपडीचं नाव नाही. फळ्यावर मधोमध रेघ ओढ. एकीकडे पोवाडा, दुसरीकडे बखर. तानाजी, किल्लेदार उदेभान, कडा दोन्हीकडे सापडतील. घोरपड एकीकडेच राहील. हे मुलांनाच शोधू दे.

मग खडू खाली ठेव आणि विचार, घोरपड माणसाचं ओझं पेलेल का? खेड्यातल्या मुलांनी घोरपड पाहिलेली असते, ती तुझ्याहून जास्त बोलतील. ‘मग शाहीर खोटं बोलला का?’ असं कुणीतरी विचारेलच. तिथे घाईनं निकाल देऊ नकोस. शाहीर कुणासमोर गात होता, ऐकणाऱ्यांच्या मनात त्याला काय जागवायचं होतं, यावर बोलणं होऊ दे. बखरकारही लढाईनंतर २७ वर्षांनी लिहितोय, ही वजाबाकी त्यांनाच करू दे. ‘मला वाटतं’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला एवढंच विचार, ‘कशावरून?’ शाहिराची टिंगल मात्र होऊ देऊ नकोस. घोरपड वगळली म्हणून तानाजींचं शौर्य उणं होत नाही. एखादी चुणचुणीत मुलगी म्हणेल की तानाजी पडले म्हणून गडाचं नाव सिंहगड पडलं. तिला सांग, महाराजांच्या १६६३ च्या पत्रात ‘सिंहगड’ हे नाव आधीच आहे. ऐकीव गोष्टीहून पत्र भारी का, हा पुढच्या तासाचा विषय झाला.

प्रश्न टाकल्यावर गप्प बसायला शीक. नव्या बाईंना वर्गातली शांतता सोसत नाही, त्या स्वतःच उत्तर देऊन मोकळ्या होतात. मनात दहापर्यंत मोज. शेवटच्या बाकावरचा मुलगा बोलतो तो त्या दहानंतरच.

राजेरजवाड्यांच्या गोष्टींत जे दिसत नाहीत, त्यांच्याही लेखणीतलं काही वर्गात आण. मुक्ता साळवेचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. ती फुल्यांच्या शाळेतली, वय अवघं चौदाच्या आसपास. मांग-महारांच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसतं, थंडीपावसात त्यांचे हाल होतात, असं ती लिहिते. तेवढाच भाग तुझ्या शब्दांत सांग, त्यातली भीषण वर्णनं या वयाला नकोत. मग विचार: हे तिनंच का लिहिलं? तिला लिहिता आलं नसतं तर आपल्याला हे कुणी सांगितलं असतं? एक पथ्य पाळ. हा भाग चालू असताना वर्गातल्या कुठल्याही एका मुलाकडे पाहून बोलू नकोस आणि कुणाला घरची जात सांगायला लावू नकोस. दुःख मुक्तेचं आहे, लाज वाटायची तर ती लादणाऱ्यांना. मुलांपर्यंत हे पोचायला हवं.

कादंबरीतला उतारा वाचलास तर आधीच सांग की यातले संवाद लेखकानं रचलेले आहेत. मुलं छापलेलं सगळं खरं धरतात. माणसं आणि प्रसंग खरे, बोलणं कल्पिलेलं, हा फरक नऊ वर्षांच्या मुलाला नीट कळतो. मोठ्यांनाच तो नको असतो.

गावातल्या दोन आज्यांना एकदा वर्गात बोलाव. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली, सुकडी खाल्लेली, मिलो ज्वारीच्या लाल भाकरी आठवणारी माणसं अजून आहेत. एकच साल दोघी वेगवेगळं सांगतील. कुणाचं खरं, असं मुलं विचारतील तेव्हा त्यांना पोवाडा आणि बखर आठवू दे.

पालक म्हणतील, ‘बाई नुसत्या गोष्टी सांगतात, धडा कधी शिकवणार?’ त्यांच्याशी वाद घालू नकोस. सनावळ्या पाठ करून घे, चाचणीत त्या लागतातच. गप्पांत रमलेल्या मुलाला त्या लवकर पाठ होतात, हे मी नोकरीभर पाहिलं आहे. सगळे धडे अशा रीतीनं होणार नाहीत, तेवढा वेळ कुणाकडेच नसतो. सत्रात तीनचार झाले तरी पुष्कळ.

येत्या आठवड्यात सिंहगडाचा एक तास असा घेऊन बघ. तू काय शिकवलंस ते मला सांगू नकोस, मुलांनी काय विचारलं ते लिहून कळव.

तुझी,
आत्या