शॉर्टकट म्हणजे पत्ता : शाळेच्या संगणकावर प्रोग्राम हाताशी कसे ठेवाल?



संगणकाचा तास आधीच छोटा, एका संगणकापुढे चार-पाच मुलं, आणि त्यातली दहा मिनिटं "सर, पेंट कुठंय?" यातच जातात. स्टार्ट मेनूतली ती लांबलचक इंग्रजी यादी तिसरी-चौथीच्या मुलाने कशी वाचायची? म्हणून रोज लागणारे प्रोग्राम समोर आणून ठेवायचे. ते कसं, हे आज पाहू.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. ज्या आयकॉनच्या खाली डाव्या कोपऱ्यात छोटा बाण दिसतो, तो शॉर्टकट. तो प्रोग्राम नव्हे, प्रोग्राम कुठे आहे त्याचा पत्ता आहे. पत्त्याची चिठ्ठी फाटली म्हणून घर पडत नाही. मुलाने शॉर्टकट डिलीट केला तर रागावू नका, प्रोग्राम जागेवरच असतो. पण चिठ्ठी खिशात घातली म्हणून घरही सोबत येत नाही! निकालपत्रकाचा शॉर्टकट पेन ड्राइव्हवर कॉपी करून केंद्रशाळेत गेलात, तर तिथे काहीच उघडणार नाही. निघण्यापूर्वी बाण आहे का ते बघा. साइज एक-दोन केबीच दिसली तरी शंका घ्या. बाण असेल तर राईट क्लिक करून ओपन फाइल लोकेशन निवडा आणि तिथली मूळ फाइल घ्या. उलट, बाण नसलेली फाइल डिलीट केली तर ती खरीच जाते, मग रिसायकल बिन शोधत बसावं लागतं.

आता कृती. विंडोज 10 मध्ये स्टार्ट मेनूच्या यादीत पेंट शोधा, राईट क्लिक करा, मोअरमध्ये जाऊन पिन टू टास्कबार म्हणा. झालं, खालच्या पट्टीवर आयकॉन कायमचा बसला. पिन टू स्टार्ट केलं तर तो स्टार्ट मेनूत चौकोनात दिसतो. डेस्कटॉपवर हवा असेल तर यादीतून सरळ ओढून आणा. एखाद्या फाइलचा शॉर्टकट हवा असेल तर राईट क्लिक, सेंड टू, आणि त्यातला डेस्कटॉपचा पर्याय. विंडोज 11 मध्ये त्यासाठी आधी शो मोअर ऑप्शन्स दाबावं लागतं. मुलांसाठी वेगळं अकाउंट केलं असेल तर त्यातच लॉगिन करून हे करा, कारण पिन केलेलं दुसऱ्या अकाउंटमध्ये दिसत नाही.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी वाटते ती टूलबारची सोय. डी ड्राइव्हवर "चौथी" नावाचं फोल्डर करा. त्यात चौथीला लागणारे शॉर्टकट टाका. एकेक निवडून एफ 2 दाबा आणि मराठी नाव द्या : "चित्र काढा", "हिशोब करा", "कविता ऐका". शॉर्टकटचं नाव बदललं तरी मूळ प्रोग्रामला काही होत नाही. मग टास्कबारच्या रिकाम्या जागी राईट क्लिक, टूलबार्स, न्यू टूलबार, आणि ते फोल्डर निवडा. घड्याळाच्या बाजूला "चौथी" असं दिसेल. त्याशेजारच्या बाणांवर क्लिक केलं की मराठी मेनू उघडतो. दुसरी, तिसरीचंही असंच करता येतं. नंतर फोल्डरमध्ये काही टाकलं की ते मेनूत आपोआप येतं. विंडोज 11 मधून मात्र ही सोय काढून टाकली आहे (का काढली कोण जाणे), तिथे ते फोल्डर डेस्कटॉपवरच ठेवा.

एक सावधगिरी. पेन ड्राइव्ह लावल्यावर तुमची सगळी फोल्डरं अचानक बाणवाली दिसू लागली तर डबल क्लिक करू नका. तो बहुतेक वेळा व्हायरस असतो, खरी फोल्डरं त्याने लपवलेली असतात. आधी अँटिव्हायरसने तपासा.

आणि माउस बिघडलेला संगणक तर प्रत्येक शाळेत एखादा असतोच. त्यावर विंडोजचं बटण धरून 1 दाबा, टास्कबारवर पिन केलेला डावीकडचा पहिला प्रोग्राम उघडेल. 2 दाबलं की दुसरा. असं 9 पर्यंत चालतं.